घेण्यास नकार, सबब परत

टपाल खात्यात मी ३६ वर्षं काढली. बहुतेक नगरमध्ये, मधली काही राहुरी-संगमनेरकडे. दुपारी पोस्टमन बीटवरून परतला की न वाटली गेलेली रजिस्टरं टेबलावर टाकायचा आणि एकेकावर शेरा लिहायचा. 'घर बंद'. 'पत्ता अपुरा'. 'मालक मिळून येत नाही'. आणि 'मालक घेण्यास नकार, सबब परत'. हा शेवटचा शेरा मी हजारो वेळा वाचला असेन. तो लिहिताना एकाही पोस्टमनचा चेहरा उतरलेला पाहिला नाही. शेरा लिहायचा, सही करायची, चहाला जायचं.

रविवारी मी दुसरंच टपाल घेऊन फिरायचो. आम्ही नगरचे ख्रिस्ती, पणजोबांपासूनचे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं, त्याच्या पुढच्या लाटांत कधीतरी आमचं घराणं आलं. मंडळीच्या तरुण संघाबरोबर आम्ही सायकलींवरून आसपासच्या गावांना सुवार्ता सांगायला जायचो. तिथं कुणी 'नको' म्हटलं की मला दोन दिवस अन्न गोड लागत नसे. सोमवारी दुसऱ्यांचे नकार रजिस्टरात चढवणारा आणि रविवारी स्वतःच्या नकारानं कोमेजणारा माणूस एकच होता, ही गंमत मला निवृत्तीनंतर जाणवली. त्या नकारांनी जे काही पदरात टाकलं ते आठवेल तसं लिहितो आहे. बारा-पंधरा गोष्टी होतील असं वाटलं होतं, आठच निघाल्या.

१. मराठी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. तो 'बघू' म्हणतो. 'येतो की कधीतरी' म्हणतो. 'सगळे देव एकच हो' म्हणतो, आणि या वाक्यानंतर बोलायला काही उरतच नाही. एका नाताळाला मी ऑफिसातल्या नऊ जणांना देवळात उपासनेला बोलावलं. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. नऊही जण 'येणार म्हणजे काय, येणारच' म्हणाले. पाळकसाहेबांना सांगून मी पुढची दोन बाकं धरली, प्रत्येक जागेवर एकेक गीतांचं पुस्तक ठेवलं. उपासना सुरू झाली, संपली. मंडळीतली म्हातारी माणसं मागं भिंतीला टेकून उभी आणि पुढं माझी दोन बाकं रिकामी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नऊही जण हजर. 'केक कुठंय?'

आठवडाभर मी कामापुरतं बोललो. शेवटी एक जण म्हणाला, 'तुला राग आलेला दिसतोय. अरे, आम्हाला वाटलं तू रीत म्हणून बोलावलंस. माझ्याकडच्या सत्यनारायणाला तुला दरवर्षी बोलावतो. किती वेळा आलास?' एकदाही गेलो नव्हतो. दर श्रावणात मी 'बघू' म्हणत होतो. तो पुढं म्हणाला, 'आणि प्रसाद पाठवला की तू तो कागदात बांधून शिपायाला देतोस, तेही आम्हाला ठाऊक आहे.' त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. नकार मला मिळतात एवढाच हिशेब मी ठेवला होता. मी दिलेल्या नकारांची वही त्याच्याकडे होती आणि इतकी वर्षं त्यानं ती उघडली नव्हती. प्रसाद मी आजही खात नाही, तो माझ्या श्रद्धेचा भाग आहे. पण आता तो शिपायाकडे सरकवत नाही. देणाऱ्याला हात जोडून सांगतो की मी हे घेत नाही, रागावू नका. आजवर कुणी रागावलेलं नाही.

२. वाटलेला कागद आणि पोचलेला निरोप यांत किती अंतर असतं, ते टपाल खात्यातल्या माणसाला तरी कुणी सांगायला नको होतं. तरी मला ते माळीवाडा बसस्टँडवर एका शेंगदाणेवाल्यानं सांगितलं. तरुण संघाचा दर महिन्याला अहवाल असायचा: किती गावं, किती घरं, किती पत्रकं. माझा आकडा नेहमी वरचा. एका शनिवारी स्टँडवर दोन तासांत मी पाचशे पत्रकं संपवली आणि दमून शेंगदाणे घेतले. पुडी हातात आली ती माझ्याच पत्रकाची. 'तुम्हाला शांती हवी आहे काय?' हा मथळा गुंडाळीत आडवा गेला होता, त्यामुळे 'शांती' आत आणि 'हवी आहे काय' बाहेर. शेंगदाणेवाल्याच्या पाटीखाली तसलीच चांगली जाड थप्पी होती. लोक दहा पावलांवर टाकून देत होते, त्याचा पोरगा गोळा करत होता. मी ओशाळून पाहत राहिलो, तर तो म्हणाला, 'साहेब, पुढच्या वेळी जरा जाड कागद घ्या. हा फाटतो.'

अहवालात मी पाचशेच लिहिले. खोटं नव्हतं ते.

पुढं मिशनचा इतिहास वाचताना गॉर्डन हॉल भेटले. ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना उभा केला, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेले. तेरा वर्षांत बाप्तिस्म्यांचा म्हणून दाखवावा असा आकडा जवळजवळ नव्हताच. आमच्या संघाचा अहवाल त्यांनी भरला असता तर सेक्रेटरीनं त्यांना बाजूला घेऊन समजच दिली असती. पत्रकं वाटणं मी तेव्हापासून सोडलं. सोडताना फार मोठा आध्यात्मिक विचार केला होता असं नाही. त्या पुडीनंतर हातच पुढं होईना.

३. नकार देणारा माणूस कधीकधी माझ्याशी बोलतच नसतो, माझ्या मागं उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलत असतो. गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळात येतं, त्यामुळे वडोदऱ्याच्या ट्रेनिंगला माझ्या खोलीत गोव्याचा एक जण होता. हिंदू, नाटकवेडा, स्वभावानं लाघवी. एका रात्री मी त्याच्यापाशी ख्रिस्ताचा विषय काढला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'आमचा कुलदेव मूळ गावात नाही. का नाही, ते तुला माहीत आहे?' मला माहीत नव्हतं. पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली, लोकांनी मूर्ती उचलून खाडीपलीकडे नेल्या, ते त्यानं सांगितलं. कुंकळ्ळीचं सांगितलं. १५८३ मध्ये तिथं लोकांनी पाच जेझुइट पाद्री मारले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतलं आणि ठार केलं. 'आमच्याकडे हे कुणी पुस्तकात वाचत नाही,' तो म्हणाला. 'देवाला जायचं म्हटलं की खाडी ओलांडावी लागते, तेव्हा आपोआप आठवतं.'

मला म्हणता आलं असतं की त्यात आमचा काय संबंध. आम्ही प्रॉटेस्टंट, नगरचे, आणि आमच्या पूर्वजांच्या हातात तलवार राहू द्या, स्वतःची विहीरही नव्हती. मी तसं म्हणालोही. तो हसला. 'तू पाडलंस असं मी कुठं म्हणतोय? तू विचारलंस, म्हणून सांगितलं.'

त्याच साष्टीत फादर स्टीफन्स राहत होते, ज्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. जन्मानं इंग्रज असलेल्या माणसानं मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या. लहानपणापासून आम्ही ते अभिमानानं सांगत आलो. तो अभिमान गेलेला नाही. पण मारल्या गेलेल्या पाद्र्यांचे देह मिळवण्याच्या कामात हेच स्टीफन्स होते, हे कळल्यापासून ते ओव्यांचं पुस्तक मला निव्वळ गोड राहिलेलं नाही. इतकी गोड भाषा, आणि तीही त्याच मातीतली. गोव्याच्या कुणापाशी आता मी विषय काढायची घाई करत नाही. आधी त्याचा देव कुठल्या गावचा, ते विचारतो.

४. सगळ्यांत जड नकार मला माझ्याच लोकांकडून मिळाला. 'माझेच लोक' म्हणजे कोण, हेही त्यातच कळलं. आमचा एक पोस्टमन होता, जयभीमवाला. तो 'जयभीम' म्हणायचा, मी 'सलाम' म्हणायचो, आणि दोघं एका डब्यात जेवायचो. त्याचा आजा आणि माझा पणजा राहुरीकडच्या एकाच महारवाड्यातले. आमचे आधी ख्रिस्ती झाले, त्याचे १९५६ नंतर बौद्ध. माझी समजूत अशी की याला सुवार्ता सांगणं सर्वांत सोपं. जातीचा जाच दोघांनाही सारखा ठाऊक, मग अडचण कुठली?

मी बरेच महिने बोलत राहिलो. देवापुढं सगळे सारखे, ख्रिस्तात ना उच्च ना नीच. तो भाकरी खात ऐकायचा. एके दिवशी म्हणाला, 'एक विचारू? तुमच्यात लग्न जुळवताना काय बघतात?' मी म्हटलं, शिक्षण, नोकरी, मंडळीतलं वागणं. 'आणि "मूळचे कोण" असं विचारत नाहीत?'

आदल्याच रविवारी माझ्या पुतणीला स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, बाप मंडळीत वडीलधारा. आमच्या बैठकीत सगळ्यांत आधी कुणी काय विचारलं असेल? 'मूळचे कोण?' मूळचे मांग निघाले आणि घरातली मंडळी एकाएकी मुलाच्या पगारात खोट काढू लागली. मी त्या बैठकीत होतो, गप्प. डब्यातली भाजी संपेपर्यंत मी काही बोललो नाही. त्याला कळलं. म्हणाला, 'बाबासाहेबांनी आम्हाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आम्ही सगळ्या पाळतो असं मी म्हणत नाही. आमच्यातही "मूळचे" विचारणारे आहेत. पण तू मला तुझ्या घरात बोलावतोयस आणि तुझ्या घरातलं दार मला इथूनच दिसतंय.'

एक गोष्ट मात्र खरी, आणि ती त्यानंच माझ्या बाजूनं सांगितली. ख्रिस्ती लोक पैशासाठी, सवलतींसाठी बाटले असं कुणी म्हणालं की तो चिडायचा. 'अरे, बौद्धांना १९९० मध्ये अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, यांना आजही नाहीत. फायद्यासाठी बाटायचं तर हे उलटे कशाला गेले असते?' टपालातल्या भाषेत सांगायचं तर आमच्या पूर्वजांनी व्हीपी सोडवून घेतली होती. पाकीट हातात पडायच्या आधी पैसे मोजावे लागले.

पुतणीचं ते लग्न झालं नाही. पुढं दुसरीकडे झालं, सुखात आहे. माझं त्या बैठकीतलं गप्प बसणं अजून तसंच आहे.

५. ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याच्यापुढं सुवार्ता सांगू नये. हे मला एका बाईनं शिकवलं, तेही आवाज न चढवता. ऑफिसातला एक मित्र मूत्रपिंडाच्या आजारानं अंथरुणाला खिळला होता. मी रोज संध्याकाळी दवाखान्यात जायचो. एके दिवशी म्हटलं, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तो 'कर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी शास्त्र काढलं आणि थोडं वाचून दाखवलं. निघालो तेव्हा त्याची बायको जिन्यापर्यंत आली. 'भाऊजी, तुम्ही येता, फार बरं वाटतं त्यांना. पण एक सांगू? बाकी कुणी नको ते बोललं की हे उठून बाहेर जायचे. आता उठता येत नाही त्यांना.'

जिन्याचा कठडा धरून मी उभा राहिलो. त्याच्या 'कर'चा अर्थ मी होकार असा लावला होता. नाकात नळी आणि हातात सुई असलेला माणूस, जो आपल्यासाठी रोज रिक्षा करून येतो त्याला दुसरं काय म्हणणार? हजारो पत्रांच्या पोहोच पावत्या मी तपासल्या, सही कुणाची आहे ते पाहण्यात माझा हातखंडा. इथं सही कुणी, कशाच्या जोरावर केली, ते मला दिसलं नाही.

पुढचे पाच आठवडे मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मृत्युवार्ता तो आवर्जून वाचायला लावायचा, 'आपलं नाव नाही ना, बघ' म्हणायचा. प्रार्थना मी बाहेर बाकावर बसून करायचो, ती कुणी अडवली नव्हती. शेवटच्या दिवसांत त्यानं येशूचं काही विचारलं का? नाही. त्यानं पावसाचं विचारलं, मुळा धरण किती भरलं ते विचारलं.

६. कायदा आपल्या बाजूनं असणं वेगळं आणि समोरचा माणूस आपल्या बाजूनं असणं वेगळं. एकदा एका गावच्या वेशीवर पाच-सहा पोरांनी आम्हाला अडवलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. माझ्या खिशात राज्यघटनेच्या कलम २५ ची झेरॉक्स असायची, धर्माच्या प्रसाराचा हक्क सांगणारी. मी ती घडी उलगडून दाखवली. त्यातलं सगळ्यांत लहान पोरगं म्हणालं, 'ठीक आहे. पण आम्हाला ऐकायचं नाही, त्याचं कलम कुठलं?' बाकीची पोरं हसली, मीही हसलो. त्यांनी आम्हाला परत फिरवलं आणि वाटेत उसाचा रस पाजला.

घरी येऊन ते कलम पुन्हा वाचलं. त्यात पहिल्यांदा येतं ते सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. मग धर्म मानणं, आचरणं. प्रसाराचा शब्द सगळ्यांत शेवटी. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये म्हटलं. त्या निकालावर आमच्यात आजही नाराजी आहे आणि तिच्यामागं कारणंही आहेत. सुवार्ता सांगणाऱ्यांना मारहाण होते, खोट्या तक्रारी होतात, ते मी नाकारत नाही. पण माझ्यापुरतं म्हणायचं तर त्या पोराचं कलम मला पहिल्याच ओळीत सापडलं. दहा वर्षं तो कागद मी खिशात बाळगत होतो आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवून दाखवत होतो.

७. लक्ष्मीबाई टिळकांकडे मी फार उशिरा वळलो. आमच्या घरात नारायण वामन टिळकांची भजनं होती, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मात्र शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरती. टिळकांची गोष्ट आमच्या देवळात अशी सांगितली जाते: १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, ते वाचत गेले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनात गोष्ट इथं संपते, सगळे आमेन म्हणतात.

निवृत्तीनंतर 'स्मृतिचित्रे' पूर्ण वाचलं तेव्हा लक्षात आलं की खरी गोष्ट तिथून सुरू होते. बाप्तिस्मा त्यांनी बायकोला न सांगता घेतला होता. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं त्यांनी सोडलं नाही. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा ख्रिस्ती कवी, ज्याच्या शब्दांवर मंडळ्या डोलत होत्या, त्याला घरातच रोज नकार मिळत होता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. मधल्या वर्षांत त्यांची जात गळून पडली ती नवऱ्याच्या युक्तिवादानं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेला. आणि नंतर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांनी नवऱ्याची इतकी प्रेमळ फजिती केली आहे की वाचताना माझी बायको मोठ्यानं हसत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती.

माझं लक्ष मात्र त्या गाडीतल्या प्रवाशाकडे पुन्हापुन्हा जातं. पुस्तक दिलं आणि आपल्या वाटेनं गेला. मी त्या डब्यात असतो तर पुढच्या तीन स्टेशनांपर्यंत बोललो असतो.

८. घरातल्या नकाराला माझ्याकडे शेराच नव्हता. आमची मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि वर्षभरात तिनं सांगितलं, 'पप्पा, मी आता देवळात जात नाही.' परक्यांचे नकार पचवायला मी एव्हाना बऱ्यापैकी शिकलो होतो. हा पचेना. मी रोज सकाळी सहाला तिला व्हॉट्सअॅपवर एक वचन पाठवायला लागलो. निळ्या दोन खुणा यायच्या, उत्तर नाही. मग करड्या दोन. मग एके दिवसापासून एकच. तिचा फोन बिघडला असेल म्हणून मी दोन दिवस काळजीत, तर बायकोच्या फोनवर तिच्याशी भाजीवरून गप्पा चाललेल्या. बायको म्हणाली, 'अहो, तुम्हाला बंद केलंय तिनं. तुमच्या खात्यात त्याला काय म्हणतात?'

मी वचनं थांबवली. महिन्याभरानं बायकोच्या फोनवरून अंगणातल्या लिंबाला आलेल्या फुलाचा फोटो पाठवला, ते झाड तिनं लावलेलं. संध्याकाळी तिचा फोन आला, माझ्या नंबरवर. बोलता बोलता म्हणाली, 'तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या दारात उभे राहिलात. मी देवळात का जात नाही, हे एकदा तरी विचारलंत का?' विचारलं नव्हतं. विचारलं. तिनं सांगितलं ते सोळाव्या वर्षी आमच्याच मंडळीत घडलेलं होतं. मी त्या दिवशी तिथंच हजर होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. ती अजूनही जात नाही. मी अजूनही प्रार्थना करतो. लिंबाला या वर्षी फार फळ धरलं, एक पिशवी तिला नेऊन दिली.

इथं थांबलो असतो, पण बायकोनं हे वाचलं आणि म्हणाली, काकूंचं राहिलं.

आमच्या शेजारी एक काकू होत्या. सोवळ्याच्या, पहाटे उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या, आणि अडीअडचणीला पहिल्या धावणाऱ्या. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात रात्री जागायला त्याच आल्या. पण आमच्या घरचं अन्न त्या घेत नसत. बायको दर नाताळाला करंज्यांचं ताट झाकून त्यांच्याकडे नेई. त्या हसून घेत, 'छान झाल्यात हो' म्हणत, आणि करंज्या भांडीवालीच्या पिशवीत जात. आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक असावं. असं बावीस वर्षं चाललं. एकदा मी चिडून बायकोला म्हणालो, 'कशाला देतेस दरवर्षी?' ती पारी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, 'ती काय तुमची पत्रकं आहेत मोजून वाटायला? करंज्या आहेत.'

काका गेले, मुलगा नाशिकला, काकू एकट्या पडल्या. एका जानेवारीत बायको दारात धुणं वाळत घालत होती. काकू कुंपणाशी आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि जाता जाता विचारलं, 'तुमच्यात सारणात खसखस भाजून घालतात का गं?'

बायको म्हणाली, 'हो काकू, थोडी भाजूनच घालते.'

'तरीच,' काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकू जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या घराचं कुलूप काढायला सूनबाई अधूनमधून येते. नाताळात आली तर ताट तिच्याकडे जातं, नाही आली तर भांडीवालीकडे. यंदा खसखस फार महाग झाली आहे. बायकोनं पन्नास ग्रॅम आणून डब्यात ठेवली आहे.